गल्लीची फिट्टंफाट

लॉन्ड्रीवाल्या जावा म्हटलं की गल्लीत लहानथोर सगळ्यांना कळायचं, कोणाबद्दल चाललंय ते. थोरली आणि धाकटी. दुकान सासूबाईंनी थाटलेलं. सासूबाई गेल्या, थोरलीचा नवराही गेला, दुकान मात्र जिथल्या तिथे होतं. मागच्या खोलीत धाकटीचा नवरा धुण्याची मशिनं सांभाळायचा, आणि मशिनांच्या घरघरीत आपल्याला काही ऐकू येत नाही असं सांगून सुखाने संसार करायचा. पुढच्या बाजूला समोरासमोर दोन टेबलं. एकावर थोरली शर्टपँटी इस्त्री करायची, दुसऱ्यावर धाकटी पडदे, चादरी, फ्रॉक. थोरलीच्या हातची कॉलर अशी की घालणाऱ्याची मान आपोआप ताठ व्हायची.

दोघींचं सगळ्यात पटायचं. चहा एकदमच व्हायचा, कोणी आजारी पडलं तर दुसरी न सांगता दोन्ही टेबलं ओढायची. थोरलीला मूल नव्हतं, पण धाकटीची मुलगी तिच्याच मांडीवर जास्त वाढली. मुलगी तिला मोठीआई म्हणायची आणि आईपेक्षा तिचंच जास्त ऐकायची. याचं धाकटीला कधी वाईट वाटलं नाही. वाटलं असेल थोडंफार, पण ते आपण सोडून देऊ.

घोडं पेंड खायचं ते फक्त राजकारणात. थोरली माहेरापासून छत्रीवाली, म्हणजे छत्री निशाणीच्या पक्षाची. तिचे वडील छत्रीचा बिल्ला लावून झोपायचे म्हणे. धाकटी शिडीवाली. का, ते तिलाही धड सांगता यायचं नाही, पण छत्रीचं नाव काढलं की तिच्या कपाळाची शीर उठायची. धाकटी लग्न होऊन नवीन आली असताना एकदा राज्याची निवडणूक आली आणि दोघी इस्त्री करता करता अशा भांडल्या की बोलायची सोय नाही. थोरलीने कमरेवर हात ठेवले. कमरेवर हात ठेवायचे म्हणजे इस्त्री सोडावी लागते. ती सोडली, आणि नेमकी एका नवरदेवाच्या कोटावर. वास आला तेव्हा कोटाच्या पाठीला इस्त्रीच्याच आकाराची खिडकी पडलेली होती.

सासूबाई जातीच्या व्यवहारी. त्यांनी नवरदेवाची समजूत घातली आणि संध्याकाळी दोन्ही सुनांना समोर उभं केलं. म्हणाल्या, ही तिला खोडणार, ती हिला खोडणार. एक अधिक, एक उणे, उरलं काय? शून्य. मग त्या शून्यासाठी रांगेत कशाला तिष्ठता? दोघी घरी बसा, फिट्टंफाट. आणि आजपासून या दुकानात निवडणुकीचा शब्द काढायचा नाही. राज्याची नाही की वॉर्डाची नाही. दोघींकडून शपथ घेतली आणि वर गरम गरम चहा पाजला.

आता ही अक्कल एका दुकानापुरती राहिली असती तर ठीक होतं. पण शहाणपणापेक्षा सोय लवकर पसरते. समोरच्या न्हाव्याचं आणि कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचं असंच वाजायचं. त्यांनीही फिट्टंफाट केली. मग दातांच्या डॉक्टरने बायकोशी केली, सुताराने भावाशी केली. कोणी नवीन भाडेकरू आला की गल्ली आधी विचारायची, तुम्ही छत्री की शिडी, आणि लगेच उलट्या मताचा जोडीदार शोधून द्यायची. मतदानाच्या दिवशी जोडीने जोडीवर नजर ठेवायची. न्हावी आणि बेकरीवाला तर सकाळपासून पत्ते कुटत बसायचे, म्हणजे कोणी पसार व्हायला नको. आमच्या गल्लीत निवडणुकीवरून कधी भांडण होत नाही, असं सगळे छाती फुगवून सांगायचे. खरंच व्हायचं नाही. फुटपाथची दुरुस्तीही व्हायची नाही, गटाराचं झाकणही बसायचं नाही. वॉर्डाचा नगरसेवक छत्रीवाला होता. या गल्लीतून ना आपल्याला मत येतं ना विरोधात जातं हे त्याला केव्हाच कळलं होतं, त्यामुळे तो गल्लीच्या तोंडाशी यायचा आणि सरळ पुढच्या गल्लीत वळायचा. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, म्हणतात. इथे भांडण मिटवूनसुद्धा लाभ तिसऱ्यालाच झाला.

त्या वर्षी वॉर्डाची निवडणूक लागली आणि धाकटीच्या जिवाला घोर लागला.

तिची मुलगी इस्पितळात नर्स होती. मुलीची मुलगी, म्हणजे पिटुकली, दिवसभर नगरपालिकेच्या पाळणाघरात असायची. पाळणाघर गल्लीच्याच टोकाला, शाळेच्या शेजारी. दोन बायका पोरं सांभाळायच्या, भिंतीवर हत्ती काढलेले होते, आणि पिटुकलीला तिथून घरी आणायचं म्हणजे रोज रडारड व्हायची, इतकी ती तिथे रमायची. नगरसेवकाने जाहीर केलं की पुन्हा निवडून आलो की ते पाळणाघर पाडून गाड्या लावायला जागा करणार. त्याच्यासमोर शिडीवाल्यांनी एक बस चालवणारी बाई उभी केली होती. ती म्हणत होती, पाळणाघर राहील, उलट वाढवू.

पाळणाघर गेलं तर मुलीला नोकरी सोडायला लागणार, हे स्पष्ट होतं. तिच्या पाळ्या कधी दिवसाच्या, कधी रात्रीच्या. एका संध्याकाळी चादरीचं एक टोक आईच्या हातात देऊन घडी घालता घालता ती म्हणाली, की गाड्यांची जागा झाली तर मी राजीनामा देते. रडली नाही, काही नाही. चादरीची घडी नीट घातली आणि टेबलावर ठेवली.  ही पोर लहानपणापासून बाहुल्यांना पट्ट्या बांधायची. इतकी वर्षं शिकून, जागून मिळवलेलं काम ती अशी घडी घालून ठेवून देणार होती.

मुलगी स्वस्थ बसणारी नव्हती. कामावरून सुटली की मैत्रिणींना घेऊन घरोघर जायची, मतदान करा म्हणून सांगायची. राज्याच्या निवडणुकीला तरी लोक जातात, वॉर्डाच्या निवडणुकीला कोणी फिरकत नाही, आणि दारातलं गटार तर वॉर्डाचंच असतं, असं तिचं म्हणणं. इतर गल्ल्यांमधून तिला बऱ्यापैकी होकार मिळाले. स्वतःच्या गल्लीत आली तर जो तो हसून म्हणे, आमची फिट्टंफाट आहे ना गं. तिने अक्षरशः हात टेकले. शेवटी आईलाच म्हणाली, तू जा, आणि मोठीआईलाही विचारून बघ.

"विचारायचं नाही असं ठरलंय," धाकटी म्हणाली.

"कधी?"

"तुझ्या जन्माच्या आधी."

मुलीने कपाळावर हात मारला आणि ड्यूटीला निघून गेली.

धाकटीची झाली पंचाईत. इकडे आड, तिकडे विहीर. मत द्यायला जावं तर शपथ मोडते. बरं, मोडली, तर थोरलीही मोकळी होते, आणि थोरली म्हणजे जन्माची छत्रीवाली. ती जाणार, छत्रीवर शिक्का मारणार, आणि झालं, पुन्हा शून्य. हे सगळं डोक्यात घोळत असताना ती रोज थोरलीकडे चोरून बघायची. थोरली हल्ली गप्प गप्प असायची. संध्याकाळी पिटुकलीला पाळणाघरातून तीच आणायची, पण आल्यावर पूर्वीसारखं काही सांगायची नाही. नगरसेवकाची माणसं भोंगा लावून गेली तेव्हा तिने दारात जाऊन त्यांना मान डोलावली. ते बघून धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिला पक्ष प्यारा, पोर नाही, असं तिच्या मनात आलं, आणि पडद्याला तिने गरजेपेक्षा दुप्पट पाणी मारलं.

मतदानाचा दिवस उजाडला. दुकान उघडं होतं, कारण मतदानाच्या दिवशी दुकान उघडं ठेवणं हासुद्धा फिट्टंफाटीचाच भाग. समोरासमोर दोघी उभ्या. इस्त्रीची वाफ, मागून मशिनांची घरघर, आणि दोघींच्या तोंडाला कुलूप. धाकटीने आदल्या दिवशीच बेत रचला होता. हॉटेलचे टेबलक्लॉथ पोचवायच्या निमित्ताने बाहेर पडायचं, शाळेतल्या मतदान केंद्रावर जायचं, मत टाकायचं, आणि साळसूदपणे परत यायचं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, दुसरं काय.

दुपार कलली तेव्हा तिने गठ्ठा उचलला आणि म्हणाली, जरा हॉटेलात देऊन येते. थोरलीने मान वर केली. आज ऊन आहे, डोक्याला काही बांधून जा, एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा कॉलरवर वाकली.

त्या एका वाक्याने घात केला. धाकटी कोपऱ्यापर्यंत गेली, बेकरीपाशी थांबली, आणि तिचे पाय पुढे जाईनात. बाळंतपणात आपल्याला न्हाऊमाखू घालणारी ही बाई. आपल्या पोरीच्या तापात रात्र रात्र जागलेली. ती ऊन लागेल म्हणून सांगते आणि आपण तिला फसवून निघालोय. मत पाळणाघराला असेल, पण चोरी ती चोरीच. शिवाय हिने आपल्या भरवशावर आजवर कितीदा मत सोडलं असेल. धाकटीला स्वतःचाच राग आला. ती उलट्या पावली फिरली आणि गठ्ठा टेबलावर आदळून थोरलीच्या समोर उभी राहिली.

"जाऊबाई, मी मत द्यायला चाललेय," ती म्हणाली. "फिट्टंफाट माझ्याकडून मोडली. आता तुम्हीही मोकळ्या. तुम्हाला माझं मत खोडायचं असेल तर खुशाल खोडा, पण तुमच्या पाठीमागे जाऊन यायला मला जमायचं नाही."

थोरलीने इस्त्री उभी करून ठेवली. नवरदेवाच्या कोटापासून ती इस्त्री कधी आडवी सोडत नसे.  मग म्हणाली, दुकानाचं काय?

"जा की दोघी, मी बघतो," मागच्या खोलीतून धाकटीचा नवरा ओरडला. ज्याला इतकी वर्षं काही ऐकू येत नव्हतं, तोच. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, पण त्याची झडती घ्यायला आत्ता वेळ नव्हता.

थोरलीने पर्स घेतली, चपला घातल्या, आणि दोघी रस्त्याला लागल्या. न्हावी पत्ते वाटत होता. त्याने बघितलं, दोघी जावा, दुकानाबाहेर, शाळेच्या दिशेने. हातातली पानं तशीच राहिली. त्याने बेकरीवाल्याकडे पाहिलं, बेकरीवाल्याने त्याच्याकडे. ज्यांच्यापासून फिट्टंफाट सुरू झाली त्याच निघाल्या, म्हणजे ती संपलीच की. न्हावी उठला तसा बेकरीवालाही उठला, कारण हा गेला आणि मी राहिलो तर कसं चालेल. त्यांना बघून सुतार रंधा टाकून निघाला, त्याच्यामागे त्याचा भाऊ. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याच्या पायरीवरूनच नवऱ्याला हाक मारली, आणि तो हातमोजे काढत धावत आला. आतला पेशंट तोंड उघडं ठेवून वाट बघत बसला असणार, बिचारा. थोड्या वेळात अर्धी गल्ली रस्त्यावर. जो तो आपल्या विरोधकाच्या शेजारून, त्याला पुढे जाऊ न देता आणि स्वतःही मागे न राहता चालत होता. शाळेच्या फाटकावरच्या पोलिसाला वाटलं मोर्चा आला. त्याने काठी सावरली.

रांग लांबली होती आणि वेळ संपत आली होती. जावा बऱ्याच मागे होत्या. पुढे सरकता सरकता थोरलीने पर्स उघडली, चाचपली, पुन्हा उघडली. ओळखपत्र दुकानातच राहिलं होतं, टेबलाच्या खणात. कधी लागलंच नव्हतं, तर लक्षात कुठून राहणार? तिचा चेहरा उतरला.

"राहू दे," ती म्हणाली. "तू देऊन ये. माझं राहिलं तर राहिलं."

धाकटीच्या मनात आलं, आपण काही केलं नव्हतं. फसवलं नव्हतं, अडवलं नव्हतं. नुसतं गप्प उभं राहायचं होतं, की छत्रीचं एक मत कमी. आपलं मत शाबूत, पाळणाघराला एक मत जास्त, पोरीच्या नोकरीला एक टेकू जास्त. देव देतोय आणि आपण घ्यायचं, यात पाप कसलं? पण थोरली तिथे रिकामी पर्स धरून उभी होती, आणि ती आली होती ती आपल्या शब्दावर. तिला बरोबरीचं म्हणून दुकानातून उठवायचं आणि दारातून परत धाडायचं, हे धाकटीला बघवेना.

"माझी जागा धरा," ती म्हणाली आणि पळत सुटली.

पळणं म्हणजे काय, वय झालेलं, गुडघे कुरकुरणारे. पण सुटली खरी. एक चप्पल उघड्या गटारापाशी निसटली, ती तिथेच टाकली. दुकानात शिरली, खण उपसला, नवरा काय झालं काय झालं करत राहिला, त्याला उत्तर न देता बाहेर पडली. परत आली तेव्हा पोलीस फाटक लोटून घेत होता. आत आहेत त्यांचंच घेणार, तो म्हणाला. धाकटीने फटीत अनवाणी पाय घातला आणि म्हणाली, मी आतलीच आहे हो, फक्त जरा बाहेर होते. आतून अर्ध्या गल्लीने एकमुखाने साक्ष दिली, छत्री आणि शिडी दोन्हींनी. पोलिसाने हसून आत घेतलं.

दोघींनी मत दिलं.  परत येताना धाकटी लंगडत होती. थोरलीने चप्पल उचलून आणली, पुसली आणि तिच्या पायाशी ठेवली.

निकालाच्या दिवशी धाकटीचा जीव टांगणीला. मुलगी मतमोजणीच्या ठिकाणी थांबली होती. दुपारी फोन आला, आणि फोनमधून आधी नुसताच हसण्याचा आवाज आला. बस चालवणारी बाई निवडून आली होती. बाकीचा वॉर्ड जवळजवळ अर्धाअर्धा होता. पारडं झुकवलं ते या गल्लीने, जिच्या मतपेटीत आजवर कधी काही पडत नसे. फिट्टंफाट फिट्टंफाट म्हणत बसलेल्या त्या सगळ्या जोड्या मुळात बरोबरीच्या नव्हत्याच म्हणायच्या. पाळणाघर राहणार होतं.

धाकटीला नाचावंसं वाटलं. ती एकदम उठलीही, पण समोर थोरली खाली मान घालून बाहीवर इस्त्री फिरवत होती. धाकटीने आनंद गिळला. हरलेल्या माणसासमोर उड्या मारणं बरं दिसत नाही. तिने जाऊन चहा केला, थोरलीच्या कपात साखर जरा जास्त घातली, आणि शेजारी बसली. मग घसा खाकरून म्हणाली की हारजीत चालायचीच. तुमचा माणूसही तसा काही वाईट नव्हता. हे शेवटचं म्हणताना तिला ठसका लागला.

थोरलीने कप खाली ठेवला आणि हसायला लागली. हसता हसता तिला स्टुलावर बसायला लागलं.

"कोण माझा माणूस?" ती डोळे पुसत म्हणाली. "अगं, पिटुकली माझी नात आहे. तिच्या पाळण्यावर मी कोणाच्या गाड्या उभ्या करू देईन, असं वाटलं तुला?"

 धाकटी भडकली. इतके दिवस गप्प का बसलात, असं तिने विचारलं, माझं निम्मं रक्त आटलं. थोरली म्हणाली, तू कुठे विचारलंस? विचारायचं नाही असं ठरलं होतं ना, धाकटी म्हणाली. थोरली म्हणाली, मग सांगायचं नाही असंही ठरलं होतं. वडिलांची छत्री सोडून शिडीला मत द्यायचं, तेही तुझ्या तोंडावर कबूल करायचं, माझ्या जिभेला जड झालं गं. त्या भोंग्यावाल्यांपुढे मान डोलावली ती सवयीने, आणि आत येऊन माझी मलाच लाज वाटली. रोज वाटायचं, आज ही विचारेल, आज ही विचारेल, मग सांगून टाकू.

"आणि रांगेत?" धाकटी म्हणाली. "रांगेत तरी सांगायचंत. मला वाटलं, तुम्ही माझं मत खोडणार. मी मेले धावून धावून."

थोरलीचं हसू थांबलं. तिने धाकटीचा हात हातात घेतला. इतक्या वर्षांच्या वाफेने दोघींचे हात सारखेच खरखरीत झाले होते.

"म्हणूनच नाही सांगितलं," ती म्हणाली. "मी तुला खोडणार असं धरून तू माझ्यासाठी पळालीस. तसं माझ्यासाठी कोणी केलं नव्हतं. ते मला जरा वेळ माझ्याजवळ ठेवायचं होतं."

धाकटीला हुंदका आला. हिला पक्ष प्यारा, पोर नाही, असं आपण मनात आणलं होतं, आणि तेही हिच्याबद्दल. तिने ते सांगून टाकलं, रडत रडत, जसंच्या तसं. थोरलीने पदराने तिचे डोळे पुसले आणि तो साखरेचा चहा तिच्याच हातात दिला.

"पण आत्ताच सांगून ठेवते हं," थोरली म्हणाली. "राज्याच्या निवडणुकीला मी छत्रीलाच देणार. वडिलांना वर गेल्यावर तोंड दाखवायचंय."

"द्या की," धाकटी नाक ओढत म्हणाली. "मी शिडीला देणार. बरोबरच जाऊ. फक्त ओळखपत्र आधी पर्समध्ये टाका, माझे गुडघे आता पळायचे नाहीत."